बाबांचा हात, काकांचा खांदा

गेला महिनाभर पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये आणि मी नेमकं आत्ताच चित्र काढायला घेतलंय. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात ज्यांनी जुलै काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, कपडे चार चार दिवस दोरीवर, पापड मऊ, चपलांना बुरशी, आणि कार्ट्रिज पेपर तर हाताला असा लागतो की आत्ताच कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून ठेवलाय. अशा कागदावर वॉटरकलर कडा धरत नाही. ब्रश टेकवला की रंग आपला आपण पसरत जातो, आणि एकदा गेला की गेला, टिपकागद लावा नाहीतर फॅन लावा. परवा रात्री बाबांचा हात रंगवत होते. आरतीचं ताट धरलेला उजवा हात. बोटं नीट आली होती, अंगठ्याचं पेर पण आलं होतं, आणि तेवढ्यात मागच्या भिंतीचा गेरू रंग त्या हातात शिरला. बघता बघता बोटं गेली. उरला एक तांबूस डाग, ज्याला तुम्ही हात म्हटलं तर हात, नाहीतर काहीच नाही.

मी कागद फाडणार होते. पण फाडला नाही. त्याचं कारण पुढे सांगते, आधी चित्र कशाचं आहे ते सांगायला हवं.

चित्र आमच्या घरच्या गणपतीचं आहे. म्हणजे गणपती त्यात दिसतच नाही. गेल्या वर्षीची आरती, मूळ घराचं माजघर, वर माटवी (गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट) बांधलेली, तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं-हरणं अशी रानातली फळं-फुलं, आंब्याचे टाळ, आणि खाली सगळी मंडळी दाटीनं उभी. मुंबईहून आलेले चाकरमानी, त्यांची पोरं, पुढे झांज घेतलेला माझा भाचा. आणि या सगळ्या गर्दीत दोन पुरुष, एक बाबा आणि एक काका. मधे जेमतेम दीड हात अंतर. दोघं एकाच चालीत, एकाच आवाजात आरती म्हणताहेत, कारण दोघांना शिकवणारी आजी एकच, कुठे सूर ओढायचा आणि कुठे थांबून श्वास घ्यायचा ते सुद्धा सारखं. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अकरा वर्षं झाली.

भांडणाचं फार काही लिहित नाही. आमच्याकडच्या कुठल्याही वाडीत विचारा, तेच ऐकायला मिळेल. वाटणी झाली, सातबाऱ्यावर नावं वेगळी झाली, परड्यात गडगा (दगडी कुंपण) घातला, आणि गडग्याच्या या बाजूला खोड आणि त्या बाजूला निम्म्या फांद्या असलेल्या एका रतांब्यावरून, म्हणजे कोकमाच्या झाडावरून, एके दिवशी जे बोलणं झालं ते दोघांनीही नंतर मागे घेतलं नाही. रतांबा अजून आहे. मे महिन्यात दोन्ही बाजूला फळं पडतात आणि दोन्ही घरांत त्यांच्या रसाचं आगळ होतं.

तर मला ते दीड हात अंतर काढायचंय. एवढंच. माणसं मला काढता येतात, मी शाळेत चित्रकला शिकवते, अठरा वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना पोरं बसवतेय, प्रमाणबद्धता, माणसाची उंची म्हणजे डोकं साडेसात वेळा, हे सगळं झोपेत पण सांगेन. पण दोन माणसांच्या मधलं जे असतं ते कसं काढायचं हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही.

पहिलं चित्र जूनमध्ये केलं. त्यात मी चेहऱ्यांवर गेले. बाबांच्या कपाळावर आठ्या, काकांचे ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत पाणी आल्यासारखं. झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर अगदी सिरीयलमधला सीन वाटत होता. खोटं होतं ते. कारण खऱ्यात आरतीच्या वेळी दोघांचे चेहरे शांत असतात, प्रसन्न म्हणा हवं तर, देवासमोर माणूस जसा असतो तसे. दुःख असेल तर ते चेहऱ्यावर नाहीच आहे. मग कुठे आहे?

या प्रश्नावर मी अडकले आणि आजपर्यंत बघितलेली माणसांची चित्रं पुन्हा काढून बसले. मोबाईलवर, जुन्या कॅटलॉगमध्ये, जिथे मिळतील तिथे.

लहानपणी आमच्या वाडीत गणपतीची शाळा होती (बाहेरच्यांसाठी सांगते, मूर्ती करतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात). श्रावण लागला की आम्ही पोरं तिथेच पडीक. बाकी सगळं काम चालू असताना तिथे गप्पा, रेडिओ, चहा सगळं चालायचं, पण डोळ्यांची आखणी सुरू झाली की शाळेचे मालक सगळ्यांना गप्प करायचे. बारीक ब्रश, श्वास धरलेला, एक काळी रेघ, मग बुबुळ. आणि त्या क्षणापर्यंत जी माती होती ती आपल्याकडे बघायला लागायची. मला तेव्हापासून वाटतं की माणसाचं चित्र नजरेनं सुरू होतं. कोण कुणाकडे बघतंय. नाक-ओठ नंतर.

पिंगुळीची चित्रकथी बघितलीय का तुम्ही? कुडाळजवळ पिंगुळी, तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या ही चित्रं करतोय आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगतोय. परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शाळेत आम्ही पेढे वाटले होते. त्या जुन्या पोथ्यांमधली माणसं बहुतेक एका बाजूनं काढलेली असतात, टोकदार नाक, आणि डोळा एवढा मोठा की अर्धा चेहरा तोच. दोन पात्रं समोरासमोर आली की कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते डोळे एकमेकांना भिडतात. मधे काहीच नसतं, नुसता कोरा कागद, तरी तो ताणलेला वाटतो. राग असो, आर्जव असो, सगळं त्या मधल्या मोकळ्या जागेत. रंग चार-पाचच. मी पोरांना घेऊन गेले होते तेव्हा सातवीतली एक मुलगी म्हणाली, बाई, हे लोक डोळे मिटत नाहीत का कधी. मला ते फार खरं वाटलं. चित्रकथीतली माणसं एकमेकांना बघायचं सोडत नाहीत, भांडताना पण नाही.

आणि याच्या बरोब्बर उलट अमृता शेरगिल. तिचं १९३५ चं ‘तीन मुली’ हे चित्र बहुतेकांनी बघितलेलं असतं, निदान छापील. तिघी अगदी जवळ बसल्यात, खांद्याला खांदा म्हणावं इतक्या, अंगावर लाल, हिरवं, केशरी, भडक नाही पण ऊबदार रंग, आणि तिघींपैकी एकीचीही नजर बाकीच्या दोघींकडे नाही. आपल्याकडे पण नाही. खाली, कुठेतरी, जे आपल्याला दिसत नाही अशा ठिकाणी. या चित्राला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा ती चोवीस वर्षांची, आणि १९४१ मध्ये तर गेलीच. मला स्वतःला तिची अजिंठा बघून आल्यानंतरची, दक्षिणेतली चित्रं जास्त आवडतात, त्यात माणसं अजून भरीव होतात, पण या एका चित्रानं मला जे दाखवलं ते दुसऱ्या कशानं नाही. इतक्या जवळ बसून एकमेकींकडे न बघणं. यात एकही आठी नाही, एकही अश्रू नाही. तरी तिथे बसून राहवत नाही आपल्याला.

माझ्या दुसऱ्या चित्रात मी मग चेहरे शांत ठेवले आणि नुसत्या नजरा वळवल्या. बाबा देवाकडे, काका देवाकडे. बरं झालं ते चित्र, पहिल्यापेक्षा खूपच बरं. पण अजून काहीतरी राहतच होतं. कारण आरतीत सगळेच देवाकडे बघतात! त्यात न बोलणं कुठे दिसणार? दोन भाऊ भक्तिभावानं उभे आहेत एवढंच दिसत होतं.

मधे शाळा सुरू झाली. आठवीच्या वर्गाला मी स्मरणचित्राचा विषय दिला, ‘आमच्या घरातली संध्याकाळ’. स्मरणचित्रात पोरांची एक खोड असते, सगळी माणसं आपल्याकडे तोंड करून उभी करतात, शाळेच्या ग्रुप फोटोसारखी. आई स्वयंपाक करतेय तरी तोंड आपल्याकडे. म्हैस पण आपल्याकडे. मी दरवर्षी ओरडून सांगते, अरे आई कुणाकडे बघतेय ते ठरव, मग मान वळव. तर या वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलानं, जो एरवी रंगपेटी सुद्धा विसरून येतो, त्यानं काय काढावं? पडवी, बाहेर अंधार, पायरीवर आई बसलीय आणि तिच्या एका हातात मोबाईल. दुसरा हात तिनं मोबाईलच्या वर आडवा धरलाय, पडवीतल्या बल्बचा उजेड स्क्रीनवर पडू नये म्हणून. आणि मोबाईलचा निळसर उजेड तिच्या हनुवटीला, नाकाच्या खालच्या बाजूला, आणि त्या आडव्या धरलेल्या तळव्याच्या आतल्या बाजूला. बाकी अख्खं चित्र त्यानं काळ्या-निळ्या पोस्टर कलरनं भरून टाकलेलं, थोडं घाणच. पण तो तळवा! मी विचारलं, काय बघतेय रे आई? म्हणाला, पप्पांचा व्हिडिओ कॉल. पप्पा जहाजावर असतात, नेट मिळालं की करतात, पण चित्र नीट दिसत नाही म्हणून ती असा हात धरते.

मी तासभर त्या चित्रापाशीच होते. त्याला कळेना बाई रागावल्यात की काय.

कारण हा हात मी बघितलेला होता. तुम्हीही बघितलाय, कॅलेंडरवर, कुणाच्या तरी हॉलमध्ये फ्रेम केलेला, दिवाळीच्या शुभेच्छांवर तर हमखास. एक बाई एका हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताचा तळवा ज्योतीवर आडोसा धरलाय, आणि तो उजेड बोटांमधून आरपार लालसर येतोय, चेहरा उजळलाय. ‘ग्लो ऑफ होप’. बरेच लोक बिनधास्त सांगतात की हे राजा रविवर्म्याचं. नाही! रविवर्मा १९०६ मध्ये गेला आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. आमच्या सावंतवाडीचे हळदणकर, जन्म १८८२. इथून मुंबईला जे. जे. मध्ये शिकायला गेले, १९०८ मध्ये स्वतःची चित्रकलेची संस्था काढली, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत होते. सावंतवाडीत गंजिफा (हातानं रंगवलेले गोल पत्ते) आणि लाकडी खेळणी बघायला लोक लांबून येतात, फोटो काढतात, आणि जगात पोचलेल्या या चित्रकाराचं नाव विचारलं तर गप्प. याचं मला खरंच वाईट वाटतं. मी माझ्या वर्गात दरवर्षी ते चित्र लावते आणि नाव पाठ करून घेते.

आणि एक गोष्ट जी कळल्यावर माझ्यासाठी ते चित्र पूर्ण बदललं. ती दिवा धरलेली कुणी भाड्यानं आणलेली मॉडेल नाही, ती त्यांची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. कोल्हापूरला असायच्या, शंभरी ओलांडून २०१८ मध्ये गेल्या. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते वॉटरकलर आहे, तैलरंग नाही. हे मी मुद्दाम सांगते कारण वॉटरकलर करणाऱ्यालाच कळेल की यात काय आहे. तैलरंगात चुकलं तर वर थर देता येतो. वॉटरकलरमध्ये उजेड म्हणजे राखलेला कागद. जिथे उजेड हवा तिथे तुम्ही रंग लावायचाच नाही, किंवा अगदी पातळ, आणि सगळा अंधार त्याच्या भोवतीनं एकेक हात देत आणायचा, आणि हे करताना ती राखलेली जागा शेवटपर्यंत जपायची. एक थेंब चुकला की ज्योत विझली. आता विचार करा, समोर स्वतःची मुलगी उभी आहे, ती तळव्यानं ज्योत जपतेय आणि इकडे बाप कागदावरचा पांढरा जपतोय. दोघांचं काम एकच चाललंय.

या चित्रात माणूस एकच आहे पण मला आता ते दोघांचं चित्र वाटतं. दुसरा माणूस चौकटीच्या बाहेर, जिथे आपण उभे असतो तिथे. ती ज्या विश्वासानं, जराही अवघडून न जाता उभी आहे तो विश्वास परक्या माणसासमोर येत नाही. आणि त्या पोराचं चित्र पण तसंच. त्याचे पप्पा त्या चित्रात नाहीत. स्क्रीन पण आपल्याला दिसत नाही, मोबाईलची पाठच दिसते. पण आईच्या तळव्यावर पप्पा आहेत. नवरा-बायकोचं नातं याहून जास्त काय काढणार कोण?

म्हणजे हात. नजर आहेच, पण हात. चेहऱ्याला आपण शिकवू शकतो, चारचौघांत कसं दिसायचं ते त्याला माहीत असतं. हाताला तेवढं शिकवलेलं नसतं. मी घरी येऊन गेल्या वर्षीचे आरतीचे मोबाईलवरचे व्हिडिओ काढले, भाच्यानं काढलेले, हललेले, अर्धे अंधारे, आणि नुसते हात बघत बसले. आणि सापडलं. आरती झाली की ताट फिरतं. बाबांच्या हातात ताट असतं, ते सगळ्यांसमोर नेतात, लोक ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावतात. काकांपाशी आल्यावर बाबा थांबतात. मान समोर, नजर माटवीकडे, पण ताट मात्र नेमकं काकांच्या छातीच्या उंचीला, थोडं खाली केलेलं, कारण काका बुटके. आणि काका, न बघता, दोन्ही हात ज्योतीवर धरतात. इतरांपेक्षा जास्त वेळ. मी मोजलं, बाकीचे सगळे दोन सेकंद, काका सहा. सहा सेकंद त्या दोन भावांचे चार हात एका ज्योतीभोवती असतात. मग ताट पुढे जातं आणि पुन्हा वर्षभर काही नाही.

मला चित्र मिळालं होतं. तिसऱ्या कागदावर मी हेच घेतलं. नजरा वेगळ्या आणि हात एकत्र.

तर तो तिसरा कागद. परवा रात्री ज्याच्यावर भिंतीचा गेरू बाबांच्या बोटांत शिरला तो हाच. वाईट कशाचं वाटलं सांगते, बाकी सगळं जमलं होतं. काकांचे हात जमले होते, ज्योत राखली होती. नेमका जो हात सगळ्यात महत्त्वाचा तोच वाहून गेला. फाडायला घेतला आणि आठवलं की असा पुसून गेलेला हात मी कुठेतरी बघितलाय.

एडवर्ड मुंक, नॉर्वेचा चित्रकार. किंकाळीचं ते चित्र सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं चित्र म्हणजे ‘आजारी मूल’. त्याची बहीण सोफी १८७७ मध्ये क्षयानं गेली, ती पंधरा वर्षांची, हा तेरा-चौदाचा. आई तर हा पाच वर्षांचा असतानाच क्षयानंच गेलेली. चित्रात सोफी मोठ्या पांढऱ्या उशीला टेकून बसलीय, लाल केस, आणि शेजारी मावशी, जिनं त्या भावंडांना पुढे सांभाळलं, ती मान इतकी खाली घालून बसलीय की तिचा चेहरा दिसत नाही, नुसता भांग दिसतो. आणि दोघींचे हात चित्राच्या मध्यावर एकमेकांना भेटतात. तिथे मुंकनं हात काढलेलेच नाहीत. बोटं नाहीत, नखं नाहीत, नुसता रंगाचा खरबडलेला पुंजका. कुणाचा हात कुठे संपतो ते कळत नाही. १८८६ मध्ये लोकांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा भयंकर टीका झाली, अर्धवट आहे, कच्चं आहे म्हणाले. त्यानं रंग लावला होता, खरवडला होता, परत लावला होता, कितीतरी वेळा. आणि हेच चित्र त्यानं पुढच्या चाळीस वर्षांत पुन्हा पुन्हा केलं. एकूण सहा वेळा. तरुणपणी केलं आणि साठी ओलांडून पण केलं. बहीण काय परत येणार नव्हती, आणि चित्र तर पहिल्यांदाच झालेलं होतं, मग परत का? मला वाटतं त्याला त्या खोलीत परत जाऊन बसायचं असेल. चित्र काढताना तेवढा वेळ आपण त्या माणसापाशी असतो ना. मी बाबांचे हात काढते तेव्हा मला असंच वाटतं, एरवी मी त्यांच्या हातांकडे एवढा वेळ कधी बघितलंय?

तो कागद मी वाळू दिला. फॅनखाली, बोर्डाला चारी बाजूंनी पिना लावून. वाळायला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ गेली. वाळल्यावर तो डाग फिका झाला, आणि काकांच्या हातांत थोडासा उतरला होता, तिथे आता दोघांचे हात वेगळे काढता येत नाहीत.

आणि आता बाबा. बाबा माझी चित्रं कधी बघत नाहीत, म्हणजे बघतात पण ‘छान’ म्हणून पुढे जातात. काल दुपारी पेज जेवून ते पडवीत सुपारी कातरत बसले होते आणि बोर्ड तिथेच भिंतीला टेकवून ठेवलेला. मी आत भांडी लावत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला म्हणून मी बाहेर आले तर ते चष्मा लावून चित्रासमोर उकिडवे बसलेले.

मला म्हणाले, “हो कोण?”

मी म्हटलं, काका.

“काकाचो खांदो असो नाय.”

मी काही बोलले नाही. ते बोटानं दाखवायला लागले, कागदाला न लावता, हवेतच. “तेचो डावो खांदो खाली आसा. आंब्यावरसून पडललो नाय तो, सातवीत आसताना? हाड वाकडा बसला. तेवापासून सदरो डाव्या बाजून ओघळता तेचो.” मग जरा थांबून, “आणि कान. कान चुकलंस तू. आमचे दोगांचे कान आवशीचे. बारके, वरसून टोकदार. माजे काढलंस तसेच तेका काढ.”

मी काकांना लहानपणापासून बघतेय. गेल्या महिन्यात तर मी त्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलेत. तो उतरलेला खांदा मला दिसला नव्हता. आणि अकरा वर्षं ज्यांनी त्या माणसाकडे मान वळवली नाही त्यांना सदरा कुठल्या बाजूला ओघळतो ते माहितीये. मला एकदम भरून आलं, पण मी तसं दाखवलं नाही, पेन्सिल आणली आणि म्हटलं, बाबा किती खाली, दाखवा ना. त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली. कागदावर काही काढलं नाही, माझ्याच खांद्याला लावली आडवी, आणि दोन बोटं खाली सरकवली. “इतको.”

मग हाताकडे आले. त्यांच्या स्वतःच्या. तो तांबूस डाग. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हयसर माजो हात खय?”

मी म्हटलं, पावसानं गेला, बाबा. परत काढते नवीन कागदावर.

ते उठले, गुडघ्यावर हात देत, आणि सुपारीचं तबक उचलून आत जाता जाता म्हणाले, “नको. रवांदे तसोच.”

आज चौथा कागद ताणून लावलाय. खांदा दोन बोटं खाली घेतलाय आणि खरंच, तेवढ्या एका रेघेनं काका एकदम काका झालेत, आता ते पाठमोरे असते तरी मी ओळखले असते. कान आजीचे, दोघांनाही. हातापर्यंत अजून आलेली नाही. बाबा नको म्हणाले खरे, पण तो हात तसाच ठेवायचा तर मला तो या वेळी मुद्दाम वाहवावा लागेल, आणि जे परवा आपसूक झालं ते मुद्दाम करता येतं का मला माहीत नाही. कोरड्या कागदावर तर नाहीच येणार. बाहेर बघितलं तर समुद्राकडून परत भरून आलंय, खिडकी मी उघडीच ठेवलीय.